कीलेस गाडी कधी उघडते, कधी नाही: दोष चावीत, हवेत की गाडीत?

चावी खिशात आहे, हँडलला हात लावला, पण गाडी ढिम्म. दोनदा प्रयत्न केला की उघडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी अनेक जण थेट सर्व्हिस सेंटर गाठतात आणि नव्या चावीचा खर्च ऐकून गार होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की खिशात हात घालण्याआधी दहा मिनिटं स्वतः तपासा. ही यंत्रणा कशी चालते ते कळलं, की युरोपात कीलेस गाड्यांच्या चोऱ्यांवर एवढी चर्चा का चालू आहे तेही कळेल.

हे चालतं कसं?

हँडलवरच्या सेन्सरला हात लागला, की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर एक सिग्नल सोडते. त्याचा पल्ला जेमतेम एक-दोन मीटर. त्याने चावीतली चिप जागी होते आणि आपल्याकडे सहसा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास सांकेतिक उत्तर पाठवते. उत्तर जुळलं की दार उघडतं. रिमोटचं बटण दाबलं, तर मात्र पहिला टप्पा लागतच नाही, चावी थेट गाडीशी बोलते. हा फरक लक्षात ठेवा, निम्मं निदान इथेच होतं.

दोष कुठे आहे, कसं ओळखायचं?

- बटणाने उघडते, हँडलने नाही: चावी ठेवलेल्या खिशातून मोबाइल बाजूला काढून बघा. फोन, लॅपटॉप, वायरलेस चार्जर यांच्यामुळे तो कमी पल्ल्याचा सिग्नल बिघडू शकतो. गाडीच्या सेटिंगमध्ये कीलेस चुकून बंद झालंय का, तेही पाहा.
- एकाच दाराला त्रास: त्या हँडलचा सेन्सर किंवा वायरिंग. पावसाळ्यात पाणी शिरून हे होतं. इथे मेकॅनिक लागेल, नवी चावी नाही.
- एकाच पार्किंगमध्ये त्रास: गाडी थोडी दूर नेऊन बघा. तिथे नीट चालली तर दोष आजूबाजूच्या रेडिओ सिग्नलचा.
- दुसऱ्या चावीने सगळं नीट: पहिल्या चावीचा सेल बदला. दोन्ही चाव्या सगळीकडे रुसत असतील, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्या.

सेलबद्दल एक गोष्ट. बऱ्याच चाव्यांत सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण-सेल असतो. जुना सेल मल्टिमीटरवर ठीकठाक दिसतो, पण चावी सिग्नल पाठवायला लागली की त्याचं व्होल्टेज एकदम पडतं. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, नवा चांगल्या ब्रँडचा सेल घालून बघा. चावी कायम गाडीजवळच टांगलेली असेल, तर ती पुन्हा पुन्हा जागी होऊन सेल लवकर संपू शकतो. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडवट लेप असतो, त्यामुळेही कधी कधी संपर्क नीट होत नाही. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेतू शकतं.

आणि सेल पूर्ण संपलाच तर? बहुतेक चाव्यांच्या आत साधी धातूची चावी लपवलेली असते, तिने दार उघडा. मग अनेक गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरली की गाडी सुरू होते. आपल्या गाडीत नेमकं कुठे टेकवायची, ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

आता मोठा मुद्दा

दार न उघडणं हा नुसता ताप आहे, दार लॉक न होणं हा धोका आहे. चोर जॅमर वापरून लॉकचा सिग्नल दाबून टाकतात. आपण बटण दाबून निघून जातो आणि गाडी उघडीच राहते. म्हणून लाइट लुकलुकले का ते बघा, हँडल ओढून खात्री करा. एकाच जागी वारंवार असं होत असेल, तर गाडी तिथे लावू नका.

दुसरा प्रकार आहे रिले हल्ला. एक जण घरातल्या चावीच्या जवळ, दुसरा गाडीजवळ. दोघांकडची यंत्रं सिग्नल इकडून तिकडे पोचवतात. कोड फुटत नाही, फक्त गाडीला वाटतं की चावी शेजारीच आहे. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेल्सवर हे दाखवून दिलं होतं, दहाही फसली. ब्रिटनमध्ये २०२५ साली मांडलेल्या विधेयकात अशी चोरीची यंत्रं बाळगण्यालाच गुन्हा ठरवण्याची तरतूद आली. पण यंत्रावर बंदी घातली म्हणून गाडीतली त्रुटी जात नाही.

खरा उपाय आहे अंतर मोजण्याचा. अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी, सिग्नलला जायला-यायला किती वेळ लागला ते मोजतं. रेडिओ सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे रिलेचा उशीर पकडता येतो. फोनलाच चावी बनवणाऱ्या डिजिटल की मानकात हे २०२१ मध्ये आलं. पण नुसती चिप असून भागत नाही. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी यूडब्ल्यूबी असलेली टेस्ला मॉडेल ३ रिलेनेच उघडून दाखवली, कारण अंतराचा तो हिशोब दार उघडताना वापरलाच जात नव्हता.

म्हणून शोरूममध्ये ‘कीलेस आहे का’ एवढंच विचारू नका. ते बंद करता येतं का, चावी स्थिर असताना झोपते का, गाडी सुरू करायला पिन ठेवता येतो का, आणि यूडब्ल्यूबी असेल तर दार उघडताना अंतर तपासलं जातं का, हे विचारा. जुनी गाडी असेल तर रात्री चावी दारापासून लांब, सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये ठेवा. पाउच घेतल्यावर चावी आत टाकून गाडीजवळ उभं राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं, तर पाउच परत करा.