शिक्षणाला ओळखीची जोड

शिक्षण घेतले की गरिबाचे मूल वर येते, ही आपल्या समाजाची जुनी श्रद्धा आहे. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे करावा, मुलाखतीत काय विचारतात, हे सांगणारे माणूस ज्याच्या घरी किंवा शेजारी आहे, त्याची वाट सोपी होते. ज्याला असे कोणी नाही, तो चांगले गुण मिळवूनही अडखळतो. एका पिढीची गरिबी दुसऱ्या पिढीकडे जाते, ती अशा तोकड्या ओळखींतूनही.

हार्वर्ड विद्यापीठातील भारतीय वंशाचे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी व त्यांचे सहकारी यांचे दोन शोधनिबंध ऑगस्ट २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील सुमारे ७ कोटी २० लाख फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीसंबंधांची माहिती, नावे वगळून, त्यांनी अभ्यासली. गरीब घरातील मुलांना सधन घरातील मुलांइतकेच सधन मित्र लाभणाऱ्या परिसरात वाढता आले, तर मोठेपणी त्यांचे उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी अधिक असेल, असा त्यांचा अंदाज आहे. केवळ आपसांत घट्ट बांधलेल्या वस्त्यांत मात्र असा लाभ ठळकपणे दिसला नाही. अर्थात, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे भान राखावयास हवे.

मग अशी मैत्री होत का नाही? निम्मे कारण असे, की गरीब व सधन एकत्र येतच नाहीत. उरलेले निम्मे असे, की एकत्र येऊनही प्रत्येक जण आपल्याच थरात मित्र शोधतो. या दुसऱ्या बाबतीत धार्मिक समूह इतर ठिकाणांपेक्षा उजवे ठरले. ही नोंद आपल्याला सुखावणारी आहे, तशीच जबाबदारी देणारीही.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील प्रवेशाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे सुचविले. दिल्लीतील खासगी शाळांविषयी गौतम राव यांचा २०१९ चा अभ्यास सांगतो, की गरीब सहाध्यायी लाभलेली सधन मुले अधिक उदार झाली आणि त्यांच्यातील भेदभाव घटला. म्हणजे लाभ एकट्या गरिबाचाच नाही.

घटनेने दिलेला आपला हक्क आपण जपावा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून शुभवर्तमानाने सूट दिली असे होत नाही. आमच्या शाळांच्या वर्गात मजुराचे व अधिकाऱ्याचे मूल एका बाकावर बसते काय, हे प्रत्येक व्यवस्थापनाने स्वतःस विचारावे.

धर्मग्रामांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. मिस्सानंतर आवारात घोळके जमतात ते बहुधा आपापल्या नात्यांचे, आपापल्या आळीचे. त्याच आवारात परिचारिका, बँक कर्मचारी, अभियंता, शिक्षक असतात; आणि घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणारी मुलेही. त्यांची गाठ घालून देण्यास निधी लागत नाही. यादी करावी, महिन्यातून एक रविवार ठरवावा, आणि एकेका मुलाला एकेक जाणता माणूस जोडून द्यावा. एकाच वेदीभोवती जमणाऱ्यांना परस्परांची नावे व गरजाही ठाऊक असाव्यात, एवढीच ही अपेक्षा आहे.