बर्फाचं अप्रेझल

मार्च एंड. हे दोन शब्द ऐकले की ऑफिसात एसी असूनही घाम फुटतो. परवा आमच्याकडे पुढच्या वर्षाच्या बजेटची मीटिंग झाली. एक्सेल शीटमधल्या एकेका ओळीवर लाल रंग चढत होता. एका ओळीपाशी बॉस थांबला. ‘डेटा बॅकअप, वार्षिक खर्च. हा तीन वर्षांत कधी लागला?’ सिस्टिम बघणारा पोरगा बिचारा खरं बोलला. ‘नाही सर, एकदाही नाही.’ ‘मग?’ झालं! ओळ लाल. नव्या अ‍ॅपच्या लाँच पार्टीची ओळ मात्र हिरवीगार.

मी गप्प बसलो. अशा वेळी आपण सगळेच बसतो.

संध्याकाळी कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. ही बाई समुद्रविज्ञानात रमलेली. तिला किस्सा सांगितला, तर ती हसत सुटली. ‘अरे, तुमच्याकडे बॅकअप, आमच्याकडे बर्फ. तीच गोष्ट रोज मोजत बसणाऱ्याला पैसे कोण देतो?’ कुठला बर्फ म्हणून विचारलं, तर तिनं मला थेट अलास्कात नेऊन उभं केलं. तेव्हापासून मिळेल ते वाचत मी तिथेच मुक्कामाला आहे. तेव्हा मंडळी, स्वेटर घाला. आज जरा लांब जायचंय.

अमेरिकेच्या नकाशावर सगळ्यात उत्तरेचं टोक शोधा. तिथे उत्किआग्विक नावाचं गाव आहे. २०१६पर्यंत जग त्याला बॅरो म्हणायचं, मग गावानं मतदान करून आपलं जुनं नाव परत घेतलं. वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास. बाहेरून गावात येणारा रस्ता नाही, विमानानं या. नोव्हेंबरात मावळलेला सूर्य थेट जानेवारी संपता संपता उगवतो. म्हणजे दोन महिने नाइट शिफ्ट! राहणारे बहुतेक लोक इन्युपियात, तिथले मूळ रहिवासी.

या गावाला वर्षातले काही महिने एक जास्तीचं अंगण मिळतं. समुद्र गोठतो आणि किनाऱ्याला चिकटून बर्फाचा पट्टा तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला लँडफास्ट आइस म्हणतात, इन्युपियात लोक तुवाक. बाकीचा समुद्री बर्फ वाऱ्याबरोबर भटकतो, हा मात्र जागेवर राहतो. कसा? तर वाऱ्यानं लोटलेले बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढतात, त्यांचे मोठमोठे ढिगारे होतात आणि त्यांतले काही इतके जड, की समुद्राच्या तळाला जाऊन रुततात. नांगर टाकल्यासारखे.

एप्रिल-मे महिन्यांत बोहेड देवमासे या पट्ट्याच्या कडेनं उत्तरेला जातात. गावातल्या टोळ्या त्याआधी कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन बर्फाचे ढिगारे फोडतात आणि पाण्यापर्यंत पायवाटा तयार करतात. किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर. कडेला तंबू, कातड्याची होडी आणि वाट बघणं. देवमासा मिळाला, तर अख्खं गाव दोर ओढायला येतं. ही शिकार विकण्यासाठी नसते. मांस घराघरात वाटलं जातं. कोटा आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग ठरवतो. तुम्ही शाकाहारी असाल, तर नाक मुरडा हवं तर. पण जिथे भाजी विमानानं येते, तिथे जेवण म्हणजे काय, हेही एकदा मनात आणा.

आता विचार करा, किती तरी टनांचं धूड तुम्ही ज्याच्यावर ओढून घेताय, तो बर्फ किती जाड आहे? त्याचे नांगर पक्के आहेत ना? १९९७च्या मे महिन्यात इथल्या बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराहून जास्त माणसं त्याच्यासकट समुद्रात निघाली. हेलिकॉप्टरनं सगळ्यांना सुखरूप आणलं, ही नशिबाची आणि तयारीची गोष्ट. पण तेव्हापासून गावात बर्फ मोजणं हा कुणाचा पीएचडीचा विषय उरला नाही. तो जिवाचा प्रश्न झाला.

इथे एक शंका मनात येईल. एवढे उपग्रह आहेत की वर! आहेत. १९७८च्या अखेरीपासून ते आर्क्टिकचा बर्फ सलग बघतायत. सप्टेंबरात उरणारा बर्फ दर दशकाला साधारण १२ टक्क्यांनी घटतोय, हे आपल्याला त्यांच्यामुळेच कळलं. पण या नोंदीतला नेहमीचा एक चौकोन सुमारे २५ किलोमीटरचा असतो. गावाची पायवाट त्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात मावते. वरून अख्ख्या मुंबईचा फोटो काढला, तर तुमच्या सोसायटीचं गेट उघडं आहे का, ते दिसेल?

म्हणून कुणाला तरी खाली राहून मोजावं लागतं. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठातले हायो आइकेन आणि त्यांचे सहकारी हे काम गावकऱ्यांबरोबर करत आले. गावातल्या एका इमारतीवर जहाजावर असतं तसलं रडार बसवलं. किनाऱ्यालगतचा बर्फ हलतोय का, ते त्यात दिसतं. वसंतात पायवाटा तयार झाल्या, की घसरगाडीवर एक यंत्र ठेवून ते वाटेवरून ओढत न्यायचं, बर्फाची जाडी मोजायची आणि नकाशा छापून शिकाऱ्यांच्या हातात द्यायचा. गावातल्याच जाणत्या शिकाऱ्यांनी रोजनिशी लिहायची: आज वारा कुठून, बर्फ कसा, कुठे तडा गेला. सगळी पद्धत साधी. तिची किंमत एकाच गोष्टीत आहे, ती थांबली नाही पाहिजे.

आणि नेमकी इथेच पैशाची भानगड सुरू होते.

या गावात विज्ञान कधी कधी आलं, ते बघा. १८८१ ते १८८३ या काळात पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षानिमित्त अमेरिकी पथकानं इथे ठाणं टाकलं. नोंदी घेतल्या आणि निघून गेलं. १९४७ साली नौदलानं प्रयोगशाळा काढली, कारण समोर रशिया. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नौदलानं हात काढून घेतला. १९६८मध्ये प्रुडो बेला तेल सापडलं होतं. समुद्रातही तेल असेल, या आशेनं १९७०च्या दशकात सरकारनं किनारी बर्फाच्या अभ्यासाला पैसे दिले. मग २००७-०८चं ध्रुवीय वर्ष आलं, पुन्हा पैसे आले, पुन्हा उत्साह. म्हणजे कधी युद्धासाठी, कधी तेलासाठी, कधी सोहळ्यासाठी. बर्फासाठी म्हणून पैसा क्वचितच आला.

गंमत बघा. आज किनारी बर्फ शरद ऋतूत उशिरा धरतो आणि वसंतात लवकर सुटतो, हे शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगतात, ते त्या तेलाच्या पैशातून झालेल्या सत्तरच्या दशकातल्या नोंदींशी ताडून. तेव्हा कुणी मोजलं नसतं, तर आज ‘पूर्वी असं नव्हतं’ एवढंच आजोबांसारखं म्हणत बसावं लागलं असतं.

अमेरिकेत असल्या संशोधनाला मुख्य आधार नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, म्हणजे एनएसएफचा. प्रपोजल लिहा, इतर तज्ज्ञ ते तपासणार आणि नशिबात असेल तर साधारण तीन ते पाच वर्षांचे पैसे. मुदत संपली, की पुन्हा रांगेत. तिथला पहिला प्रश्न ओळखीचा आहे: यात नवीन काय? आता पंधराव्या वर्षी तोच बर्फ त्याच जागी पुन्हा मोजण्यात ‘नवीन’ काय सांगणार? आपल्या अप्रेझल फॉर्ममध्ये ‘या वर्षी काहीही बिघडू दिलं नाही’ असं लिहायला रकाना असतो का कधी?

गावाच्या बाजूनं हे कसं दिसतं, तेही ऐका. दर काही वर्षांनी नवा चेहरा येतो, तेच प्रश्न विचारतो, डिग्री घेऊन जातो. एनएसएफनं बदलत्या आर्क्टिकसाठी मोठी योजना काढली, तेव्हा २०२०मध्ये अलास्कातल्या मूलनिवासी संघटनांनी पत्र लिहून खडसावलं, की आमच्या भागाबद्दल संशोधन ठरवताना आम्हाला सुरुवातीपासून विचारा. बरोबरच आहे. बर्फ कधी तुटतो, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना शेवटच्या पानावर आभार मानण्यापुरतंच ठेवायचं?

या गावानं स्वतःचे पैसे घातले, तेव्हा काय झालं, ती गोष्ट तर सिनेमा काढावा अशी आहे. १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगानं बोहेडच्या शिकारीवर बंदी घातली. देवमासे फार थोडे उरलेत, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. शिकारी म्हणाले, तुमची मोजणी चुकतेय. देवमासे बर्फाखालूनही जातात, तुम्ही फक्त उघड्या पाण्यातले मोजताय. ऐकतो कोण! मग तिथल्या स्थानिक सरकारनं, नॉर्थ स्लोप बरोनं, तेलाच्या कारखानदारीवरच्या कराचा पैसा मोजणीला लावला. शास्त्रज्ञ बर्फाच्या ढिगाऱ्यांवर मचाण करून बसले, पाण्यात मायक्रोफोन सोडले आणि बर्फाखालचे आवाज ऐकले. शिकारी खरे निघाले. पुढे मोजण्या सुधारत गेल्या, देवमासेही वाढले आणि २०११च्या मोजणीत अंदाज सोळा हजारांवर गेला. गावाचं ताट वाचलं, ते भाषणानं नाही. वर्षानुवर्षं बर्फावर बसून केलेल्या मोजणीनं.

आता अलीकडचं. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या बर्फ-नोंदी सांभाळणाऱ्या कोलोरॅडोतल्या केंद्रानं जाहीर केलं, की सरकारी मदत आटल्यानं समुद्री बर्फाच्या प्रसिद्ध निर्देशांकाची सेवा आता किमान पातळीवर चालेल. पुढच्याच महिन्यात बातमी आली, की लष्कराच्या ज्या उपग्रहांवरून ही माहिती यायची, ती काही दिवसांतच बंद होणार. ओरड झाली, मुदत वाढली. तोवर शास्त्रज्ञांनी जपानी उपग्रहाचा आसरा घेतला. त्याच वर्षी सरकारनं एनएसएफच्या बजेटला निम्म्याहून मोठी कात्री सुचवली. अमेरिकी काँग्रेसनं एवढी कपात मान्य केली नाही, हे खरं. पण दर मार्च एंडला ‘या वर्षी वाचलो’ असं म्हणत कुणी पन्नास वर्षांची नोंदवही लिहू शकतं का?

उलट बाजूही सांगतो. त्याच उत्किआग्विकमध्ये समुद्र किनारा खातोय. पूर्वी शरदातल्या वादळांपुढे बर्फाची ढाल असायची, आता लाटा थेट येतात. तिथे संरक्षक बांध घालायला २०२२मध्ये केंद्र सरकारनं तीस कोटींहून जास्त डॉलर मंजूर केले. हवेच आहेत ते. पण बांध दिसतो, त्याची फीत कापता येते. वहीत रोज एक ओळ लिहिणाऱ्या माणसाची फीत कशी कापणार?

‘आपल्याला काय त्याचं’ असं म्हणणार असाल, तर थोडं थांबा. गोव्यात वास्कोला आपलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. सुट्टीत विमानतळावरून थेट बीचकडे पळताना आपल्याला ते आठवतही नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८पासून असलेलं ‘हिमाद्री’ हे भारताचं ठाणं याच केंद्राचं. २०१४मध्ये तिथल्या खाडीत आपण एक वेधशाळा पाण्याखाली ठेवली. ती खाडी पूर्वी हिवाळ्यात चांगली गोठायची, गेल्या काही वर्षांत तिथला बर्फ खूप कमी झालाय. आर्क्टिकच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ आणि आपल्याकडचा सप्टेंबरातला धोधो पाऊस यांचा संबंध असू शकतो, असं या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये मांडलं. असू शकतो, आहेच असं नव्हे. पक्कं सांगायला काय लागतं? बरोबर ओळखलंत. आणखी काही वर्षांची मोजणी. सलग.

सलग, हाच मुद्दा आहे. राहिलेलं काम वीकेंडला येऊन भरून काढता येतं. पण गेल्या वर्षीचा बर्फ यंदा मोजता येत नाही. एक हिवाळा हुकला, की वहीतलं ते पान कायमचं कोरं.

आपला मार्च एंड आटोपेल, तेव्हा तिकडे शिकारी पहारी घेऊन पायवाटा फोडत असतील. त्यांच्या खिशात यंदा जाडीचा नकाशा असेल की नाही, हे हजारो किलोमीटरवरच्या एसी ऑफिसात, कुठल्या तरी एक्सेल शीटमधल्या रंगानं ठरतं. तिथेही कुणी तरी विचारत असेल, ‘हे तीन वर्षांत कधी लागलं?’

राहता राहिला आमचा बॅकअप. सोमवारी फॉलो-अप मीटिंग आहे. त्या सिस्टिमवाल्या पोराला मी चहाला बोलावलंय. म्हटलं, या वेळी ‘एकदाही नाही’ म्हणालास, की लगेच माझ्याकडे बघ. पुढचं वाक्य मी बोलतो.