नकाशावर नाव नसलेले नाले

इटियाडोह धरण ज्या नदीवर बांधले तिला गोंदिया जिल्ह्यात गाढवी म्हणतात. रोमन लिपीतल्या कागदांवर ती कुठे ‘गऱ्हवी’ झाली, कुठे ‘गारवी’. रोमन लिपीत ‘ड’ आणि ‘द’ वेगळे दिसत नाहीत, ‘ढ’ची तर आणखी आबाळ. नदी मोठी, म्हणून तिचे नाव मोडतोड सोसूनही टिकले. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलातल्या लहान नाल्यांना तेही भाग्य नाही. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर त्यातले बहुतेक नुसती निळी रेघ असतात आणि वन विभागाच्या दप्तरात जंगलाचा तुकडा कक्ष क्रमांकाने ओळखला जातो.

गावाला क्रमांक लागत नाही. गुराखी, मोहफूल वेचणाऱ्या बाया, तेंदूपत्ता तोडणारे, तळ्यावरचे ढिवर यांना टेकडी आणि डोह नावानिशी ठाऊक असतात.

अशा नावांत इतिहासही राहतो. नवेगावबांधच्या तलावाभोवतीच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. तिथल्या एका माथ्यावर कोलासूर देवाचे ठाणे आहे. तलाव बांधणारा कोलू पाटील कोहळीच मरणानंतर देव झाला, असे परंपरा सांगते. नकाशावर त्या माथ्याची नुसती उंची लिहिली, तर तलाव कोणी बांधला हे तिथून पुसले जाते. याच नवेगावच्या रानात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी पुढे पाखरांची नावे नोंदवणारा पक्षिकोश सिद्ध केला. पाखरांच्या नावांसाठी जे झाले, ते ओढ्या-डोंगरांसाठी व्हायलाच हवे.

मात्र नाव कोणाच्या तोंडून घेतले, हेही महत्त्वाचे. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षकांनी गेलिक नावे वह्यांत उतरवली. पण स्पेलिंगची खातरजमा बहुधा जमीनदार, पाद्री, शाळामास्तर यांच्याकडून केली. मेंढपाळाचा शब्द मागे पडला. तिथे आज नावांचे मूळ रूप नव्याने शोधावे लागते आहे.

गोंदियात ती वेळ येऊ नये, आणि त्यासाठी वेगळा कायदाही लागणार नाही. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. २०१२च्या सुधारणेपासून सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासोबत पारंपरिक सीमेतल्या खुणा दाखवणारा नकाशा जोडायचा असतो. म्हणजे वनहक्क समिती नाल्यानाल्याने सीमा फिरतेच. दावा मंजूर झाला की हे कागद फाईलीत बंद का व्हावेत? जिल्हा प्रशासनाने त्यांतली नाल्या-डोंगरांची नावे ग्रामसभेच्या ठरावासह सर्वेक्षण विभागाकडे पाठवावीत.

गोंडी नाव असेल तर ते ‘शुद्ध’ करू नये. उच्चार ध्वनिमुद्रित करावा, देवनागरीत जसाच्या तसा लिहावा, मराठी अर्थ हवा तर शेजारी द्यावा. शिवेवरच्या एकाच नाल्याला दोन गावे दोन नावांनी हाक मारत असतील, तर नकाशावर दोन्ही नावे यावीत.