मामांच्या जीपमधला वर्ल्डस्पेस

गाडीच्या टेपला साधं ऑक्सचं भोक न देणं ही ग्राहकाची अडवणूकच, असं माझं स्पष्ट मत आहे. मामांच्या जीपमध्ये वर्ल्डस्पेसचा रिसीव्हर आम्ही शेवटी वायरवाली कॅसेट घालून जोडला. अंबड चौफुलीला उभ्या गाडीत ‘गंधर्व’ झकास वाजलं. गाडी वळली की गप्प! दोष कोणाचा नाही. रिसीव्हर घरगुती, अन् अँटेना आग्नेयेला, १०५ अंश पूर्वेवरच्या एशियास्टारकडेच हवा. रस्ता थोडाच ऐकतो?

३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवाच संपली. पैसे भरून घेतलेला डबा माळ्यावर गेला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. जीपचा टेप मात्र नंतरही कैक वर्षं मामांच्या कॅसेटी वाजवत होता.