शर्यत आदल्याच दिवशी धावलो

गेल्या हिवाळ्यात नांदेडला पाच किलोमीटरची रस्ता शर्यत होती. मी लातूरहून तीत भाग घ्यायला गेलो आणि सपाटून हरलो. हरण्यात विशेष असे काही नाही. एक जिंकतो आणि बाकीचे हरतात, हा शर्यतीचा नियमच आहे. परंतु इतरांनी मला हरवण्यापूर्वी मीच मला हरवले होते, आणि ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

चार महिने मी रोज पहाटे मैदानावर जात होतो. मैदानाच्या साडेबारा फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर. तेवढे अंतर मी वीस मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटे या वेगाने, पार करू लागलो होतो. शर्यतीच्या आठवड्यात तर मी कहरच केला. सोमवारी दहा किलोमीटर, बुधवारी तेवढेच, शुक्रवारी आठ. शनिवारी पहाटे मनात आले, एकदा पूर्ण जोर लावून पाहावे. पाहिले. वीस मिनिटे पाच सेकंद! त्याच आनंदात दुपारची एस. टी. धरली आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करीत अंधार पडता पडता नांदेडला मावशीच्या दारात उतरलो.

रविवारी सकाळी शिट्टी झाली आणि सगळा घोळका सुटला. नव्या गावात आपण मागे दिसू नये, एवढाच विचार डोक्यात होता. पहिला किलोमीटर मी ३ मिनिटे २५ सेकंदांत काढला. काय सांगावे, त्या वेळी मला मी कोणी मोठा धावपटूच वाटलो! दुसऱ्याला चार मिनिटे लागली, तिसऱ्याला चार मिनिटे वीस सेकंद. चौथ्यात पायांत शिसे ओतल्यासारखे झाले. पिकल्या केसांचे एक गृहस्थ, जे सुरुवातीपासून माझ्या कितीतरी मागे होते, संथपणे माझ्या शेजारून पुढे गेले. त्यांना दमही लागलेला दिसत नव्हता. मी एकवीस मिनिटे दहा सेकंदांत कसाबसा पोहोचलो. लातूरच्या मैदानावर, कोणी पाहत नसताना, मी याहून एक मिनिट पाच सेकंद लवकर धावलो होतो.

घरी आल्यावर मावशीने विचारले, "काल सकाळी पळालास, परवा पळालास, मग विसावा कधी घेतलास?" मला उत्तर देता येईना. मी शर्यत शनिवारीच लातूरला धावून आलो होतो. रविवारी नांदेडला उरलेसुरले पाय घेऊन उभा राहिलो होतो, इतकेच.

मित्रहो, माझ्या दोन चुका झाल्या. पहिली वेगाच्या वाटणीची. सुरुवातीला पाय ताजे असतात, म्हणून खरा वेग कळत नाही. आपल्या कुवतीबाहेर धावलो की श्वासातून मिळणारा प्राणवायू स्नायूंना पुरत नाही, आणि ती उधारी पुढच्या किलोमीटरांत व्याजासह फेडावी लागते. युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने १४ ऑगस्ट २०२० रोजी मोनॅको येथे पाच हजार मीटरचा विश्वविक्रम केला. वेळ होती १२ मिनिटे ३५.३६ सेकंद. त्याच्या प्रत्येक किलोमीटरला सुमारे अडीच मिनिटे लागली, आणि शेवटचा किलोमीटर पहिल्याहून वेगवान होता. जगातला सर्वांत वेगवान माणूसही पहिल्या किलोमीटरला हात राखून धावतो. मी मात्र सगळी शिदोरी पहिल्याच वळणावर सोडून बसलो.

दुसरी चूक विसाव्याची. सरावाने शरीर थकते; बळकट होते ते नंतरच्या विश्रांतीत. म्हणून स्पर्धा जवळ आली की जाणते प्रशिक्षक सरावाचे अंतर हळूहळू निम्म्यावर आणतात. वेगाच्या थोड्या फेऱ्या तेवढ्या चालू ठेवतात, म्हणजे पायांची सवय मोडत नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत केलेल्या जोराच्या सरावाचा त्या शर्यतीला काही लाभ होत नाही, थकवा मात्र सोबत येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळणारे आणि सणाला त्याच्या मानेवर जू न ठेवणारे आपण लोक, स्वतःच्या पायांना मात्र तेवढाही मान देत नाही!

आपल्या मराठवाड्याला कष्टाचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर दूरच्या शाळेत जात असे, हे आपण भाषणातून नेहमी ऐकतो. पण त्याच्या कहाणीचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील युजीन येथे जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आला. वेळ होती ८ मिनिटे ३१.७५ सेकंद. जिंकणारा मोरोक्कोचा सूफियान एल बक्काली ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत आला. साबळे त्याच वर्षी ८ मिनिटे १२.४८ सेकंदांत धावलेला होता, म्हणजे विजेत्याच्या वेळेहून बारा सेकंद सरस! शर्यत संथ झाली, निकाल अखेरच्या वेगावर लागला, आणि तो मागे पडला. तीन आठवडेही झाले नव्हते तोच, ६ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक पाच शतांश सेकंदांनी हुकले. एवढ्या दिवसांत कष्टाने कोणाची ताकद दुप्पट होत नसते. ताकद होतीच, ती कोठे आणि केव्हा खर्च झाली, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, हे मोठ्या खेळाडूंचे चोचले झाले, आम्हां खेड्यातल्या पोरांना त्याचे काय? मला तर उलटे वाटते. ज्याला वर्षात दहा स्पर्धा मिळतात त्याला एक चूक परवडते. आपल्यातले कितीतरी मित्र पहाटे रस्त्यावर धावतात ते पदकासाठी नव्हे, पोलीस भरतीसाठी. तेथे पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावावे लागते, आणि पूर्ण गुणांसाठी वेळ असते ५ मिनिटे १० सेकंद. म्हणजे चारशे मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांच्या. हा साधा भागाकार आपल्यातल्या किती जणांनी केला आहे? पहिली फेरी पासष्ट सेकंदांत मारायची आणि चौथीला छाती धरायची, हेच मी वारंवार पाहिले आहे. त्यातही आदल्या संध्याकाळपर्यंत धावायचे, रात्र प्रवासात काढायची आणि पहाटे रांगेत उभे राहायचे. दोन वर्षांची मेहनत अशी पाच मिनिटांत मातीला मिळते, आणि घरी सांगितले जाते, "मेहनत कमी पडली." वास्तविक मेहनत कमी पडलेली नसते, तिचा हिशेब चुकलेला असतो. भरतीची तारीख आपल्या हाती नाही हे खरे. पण ती कळल्यानंतरचे आठ दिवस तरी आपल्या हाती असतात.

म्हणून प्राध्यापकांना आणि जिमखान्याच्या विद्यार्थी प्रतिनिधींना माझी विनंती आहे. मैदानावर दर दोनशे मीटरला खूण करावी आणि एक घड्याळ मुलांच्या हाती द्यावे. वार्षिक क्रीडास्पर्धेची तारीख महिनाभर आधी जाहीर करावी. दोन दिवस आधी नावे मागितली की मुले त्या दोन दिवसांतच महिन्याचा सराव उरकतात. आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिल्या तिघांबरोबर आणखी एक बक्षीस ठेवावे, ज्याच्या सर्व फेऱ्यांची वेळ सर्वांत सारखी असेल त्याच्यासाठी. या बक्षिसाचा मानकरी कदाचित शेवटून दुसरा असेल. हरकत नाही. तो काही तरी शिकलेला असेल.

आपल्या 'लातूर पॅटर्न'बद्दल बोलताना आपण मुले रात्री किती वाजेपर्यंत जागली, एवढेच सांगतो. वारंवार घेतलेल्या सराव परीक्षा आणि त्यांतून येणारी वेळेची वाटणी हा त्याचा गाभा विसरतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी जोर लावणारा मी, आम्ही दोघे सख्खे भाऊच.

असो. महिन्याभराने लातूरला पुन्हा पाच किलोमीटर धावलो. शेवटच्या आठवड्यात तीनच छोट्या दौडी केल्या आणि दोन दिवस स्वस्थ बसलो. ते बसणे चार महिन्यांच्या धावण्याहून कठीण गेले. पहिला किलोमीटर ४ मिनिटे २ सेकंदांत धावलो. कितीतरी जण पुढे निघून गेले. मन चरफडले, पण पाय आवरले. शेवटचा किलोमीटर ३ मिनिटे ५० सेकंदांत झाला. एकूण वेळ १९ मिनिटे ४६ सेकंद, क्रमांक सतरावा. पदक नाहीच. परंतु या वेळी शेवटच्या वळणावर शेजारून पुढे जाणारा मी होतो.