बाटलीवर धामापूरचं नाव येऊ द्या

बचत गटांतल्या ताई-वहिनींनो आणि घरच्या घरी माल करणाऱ्या सगळ्यांनो, हे लिहिणं तुमच्यासाठी आहे.

आपल्या गावाचं नाव आता दूरवर पोचलंय. १५३० साली नागेश देसायांनी बांधलेल्या आपल्या तलावाला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. तलाव आणि भगवतीचं देऊळ बघायला लोक येतात. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात. जाताना आगळ, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला असं काही ना काही पिशवीत घालून नेतात. पण यातला पुष्कळ माल कुणी केला, कधी केला, त्यात काय घातलं, हे त्याच्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. थंड पेयाच्या जुन्या बाटलीत आगळ भरलेलं असतं आणि बाटलीवर त्या पेयाचंच नाव असतं.

याने नुकसान तुमचं होतं. चार दिवस राबून, निवडून, स्वच्छ केलेला माल आणि कसातरी उरकलेला माल टेबलावर शेजारी शेजारी ठेवला, तर गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मग तो फक्त भाव बघतो. व्यापारी तोच माल घाऊक नेतो, स्वतःचं लेबल लावतो, आणि मुंबईतल्या घरातून पुढच्या वर्षी फोन जातो तो त्याला. तुमचा नंबर त्या घरात कधी पोचलेलाच नसतो.

आगळाचंच घ्या. आपल्याला ते मिठाचं असतं हे लहानपणापासून ठाऊक असतं. पुण्याच्या माणसाला नसतं. तो लालभडक रस बघून सरबत समजतो, पाण्यात साखर घालून पितो, तोंड वाकडं करतो आणि बाटली टाकून देतो. त्यात मालाचा दोष नसतो. ‘कोकम आगळ, मिठातलं, सोलकढीसाठी’ एवढं बाटलीवर असतं आणि खाली नारळाच्या एका वाटी दुधाला किती चमचे घालायचं ते लिहिलेलं असतं, तर तोच माणूस पुढच्या खेपेला दोन बाटल्या घेऊन गेला असता. रक्तदाबामुळे मीठ कमी खाणाऱ्यांसाठी तर ही ओळ फार गरजेची आहे.

कायद्याने काय लागतं तेही सरळ सांगतो. पदार्थाचं नाव, घटक (ज्याचं वजन जास्त तो आधी), निव्वळ वजन किंवा माप, तयार केल्याची किंवा भरल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, बॅच नंबर, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्रॅम, मिलिलिटर वा किलोमागे पडणारा दर, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक. लहान उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. काजू, शेंगदाणे, गहू, दूध, मासे यांतलं काही असेल तर ते वेगळं लिहा. कुणाला त्याची ॲलर्जी असू शकते आणि तिथे चूक जिवावर बेतते. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो. मराठी सोबत घालता येतं, आणि ते घालाच. पोषणमूल्यांचा तक्ता कोणत्या मालाला लागतो आणि कोणत्याला सूट आहे, हे जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्या. दुकानात जो काळ्या रेघांचा बारकोड दिसतो, तो कायद्याने सक्तीचा नाही. मॉलमध्ये माल ठेवायचा असेल तेव्हा त्याचं बघू.

“एवढं छापायचं तर हजारो रुपये जातील,” असं मला नेहमी ऐकू येतं. पूर्वी ते खरं होतं. ऑफसेटवर रंगीत छपाई म्हणजे चार रंगांच्या चार प्लेटा, त्यामुळे हजारांच्या खाली छापणं परवडायचं नाही. मग पाच हजार लेबलं घरात पडून राहायची, तेवढ्यात भाव बदलायचा, आणि जुन्या किमतीवर पेनाने खाडाखोड व्हायची. डिजिटल छपाईत प्लेटच नाही. संगणकातून मजकूर थेट यंत्रात जातो. पन्नास लेबलं छापा, दोनशे छापा, पुढच्या खेपेला तारीख आणि बॅच बदलून पुन्हा छापा. एका लेबलाला ऑफसेटपेक्षा थोडं जास्त पडतं, पण वाया काही जात नाही. गटाने एकत्र जाऊन एकाच शीटवर आगळ, मसाला आणि पीठ अशी तिन्ही लेबलं बसवून घेतली तर आणखी स्वस्त पडतं.

छापायला देताना घाई मात्र करू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत साधा कागद सुटतो आणि तेलकट हात लागला की डागाळतो. लोणच्याला आणि फ्रिजमध्ये ठेवायच्या बाटलीला पाण्याने न भिजणारा प्लॅस्टिकचा स्टिकर घ्या किंवा कागदावर लॅमिनेशन करून घ्या. सुक्या पिठाला कागदी स्टिकर चालतो. घरच्या इंकजेटची शाई बहुधा ओल्या हाताने पसरते. शाई न लागणाऱ्या थर्मल कागदावरची तारीख एसटीच्या तिकिटासारखी लवकर उडून जाते, तिच्यावर मुदतीची तारीख सोपवू नका. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं तुटतात. आधी एकच नमुना छापून घ्या, खऱ्या बाटलीवर चिकटवा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच बाकीची छापा.

काही गोष्टी लेबलावर घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोकमाने मधुमेह बरा होतो, वजन उतरतं, असलं काही लिहू नका. अन्नावर रोग बरा करण्याचा दावा कायद्याला मान्य नाही, आणि त्यावर विसंबून कुणी गोळ्या बंद केल्या तर? सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला, वेंगुर्ल्याच्या काजूला, आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. त्याची खूण नोंदणीकृत वापरकर्त्यानेच लावायची असते. तेव्हा आधी नोंदणी करा. आणि भगवतीचं चित्र छापू नका. बाटली रिकामी झाली की लेबल उकिरड्यावर जातं, तिथे देवीचं रूप पडलेलं आपल्याला बघवणार नाही. तलावाचं चित्र घाला, माडांचं घाला.

तारखेशी खोटेपणा करू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. गेल्या हंगामातल्या आगळावर यंदाची तारीख घातली तर एका बाटलीमुळे अख्ख्या गावाचा माल बदनाम होईल. एक वही ठेवा: कोणत्या दिवशी काय केलं, किती बाटल्या भरल्या, बॅच कोणती. प्रत्येक बॅचमधल्या दोन बाटल्या घरात राखून ठेवा. त्यांचा रंग, वास कधी बदलतो ते बघितलं की मुदत किती लिहायची याचा अंदाज अनुभवाने येतो.

विकत घेणाऱ्यांनाही सांगणं आहे. बाटली हातात घेतली की आधी तारीख बघा. नसेल तर भांडू नका, पण विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या आधी लेबल छापून येईल. आणि ज्या ताईने नाव, पत्ता, तारीख नीट लिहिली आहे तिच्याकडे दहा रुपये जास्त द्यावे लागले तर द्या.

कोकमं मेअखेरीपर्यंत हाताशी येतात आणि तेव्हा छपाईवाल्यांकडे लग्नपत्रिकांचीही गर्दी असते. म्हणून मजकूर होळीच्या सुमारास ठरवा आणि छापायला देण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून वाचून घ्या. त्यांना तारीख आणि फोन नंबर अडखळल्याशिवाय वाचता आला नाही, तर अक्षर मोठं करायला सांगा.