तीन म्हाताऱ्या, एक डोळा आणि आपली तलवार

ग्रीक पुराणकथांवरच्या गेम्सना सध्या पुन्हा बहर आलाय. ऑगस्ट २०२५मध्ये ‘टायटन क्वेस्ट २’ अर्ली ॲक्सेसमध्ये आला, सप्टेंबरमध्ये ‘हेडीस २’ पूर्ण रूपात रिलीज झाला. झ्यूस, पोसायडन, मेडुसा ही मंडळी तुमच्यापैकी अनेकांना पहिल्यांदा कंट्रोलर हातात असतानाच भेटली असतील. मग जरा आठवून बघा. या गेम्समध्ये एखादी म्हातारी समोर आली, की तुमचं बोट कुठे जातं? बहुतेक वेळा अटॅकच्या बटणावर!

ठळक उदाहरण ‘टायटन क्वेस्ट’चंच घ्या. २००७च्या ‘इमॉर्टल थ्रोन’ या एक्सपान्शनमध्ये मेडिया ही जादूगारीण तुमच्याकडे मदतीची किंमत मागते. किंमत काय, तर ग्राये बहिणींचा डोळा. डायनो, एनियो आणि पेम्फ्रेडो अशा या तीन म्हाताऱ्या बहिणी. तुम्ही जाता, तिघींना मारता, डोळा उचलता, मेडियाला नेऊन देता. क्वेस्ट कंप्लीट. पुढे चला.

मूळ कथेत मात्र कोणी मरत नाही. तिघींत मिळून एकच डोळा आणि एकच दात, त्यामुळे वस्तू सतत या हातातून त्या हातात. पर्सियस नेमका त्या देवाणघेवाणीच्या क्षणी डोळा पळवतो आणि बदल्यात रस्ता विचारतो. मेडुसाला मारायला लागणारं सामान ज्या अप्सरांकडे आहे, त्यांचा पत्ता फक्त या बहिणींना ठाऊक असतो. एका आवृत्तीत तो डोळा परत देतो, दुसरीत तळ्यात फेकतो. काहीही असो, त्या तरण्याबांड वीराला म्हाताऱ्यांकडून शिकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणखी गंमत म्हणजे हेसिअड या प्राचीन कवीने वर्णन केलेल्या बहिणी दोनच आहेत. जन्मतःच पांढऱ्या केसांच्या, पण गालांनी सुंदर. एक तर केशरी वस्त्र नेसलेली. म्हणजे पांढरे केस आणि कुरूपता ही जोडी सुरुवातीपासून पक्की नव्हती.

बाबा झाला हिरो, आजी राहिली बॉस

त्याच २००७ सालच्या ‘गॉड ऑफ वॉर २’मध्ये नियतीच्या तीन बहिणी आहेत. लाकेसिस, ॲट्रोपॉस आणि क्लोथो. ग्रीक कल्पनेत क्लोथो आयुष्याचा धागा कातते. गेममध्ये ती एक अवाढव्य, लोंबत्या मांसाची, अनेक हातांची बाई आहे. क्रेटॉस तिघींना संपवतो आणि त्यांचे धागे स्वतःच्या कामासाठी वापरतो.

आता याच क्रेटॉसचं पुढे काय झालं बघा. २०१८च्या गेममध्ये तो वयाने वाढलेला, दाढीवाला, मुलाला सांभाळताना चुकणारा बाप होऊन आला आणि जगभरच्या गेमर्सनी त्याला डोक्यावर घेतलं. पुरुषाचं वय वाढलं की गोष्टीला खोली येते. बाईचं वय वाढलं की तिची हेल्थ बार येते!

यामागे दरवेळी दुष्टावा असतो असं नाही. ॲक्शन गेममध्ये शत्रू अर्ध्या सेकंदात ओळखू यावा लागतो. वाकलेली पाठ, लांब नखं, पिंजारलेले केस हा डिझायनरचा सोपा शॉर्टकट. शिवाय ‘जा, मार, आण’ ही क्वेस्ट बनवायला सोपी. ‘जा, बस, ऐक’ ही अवघड. पण सोपं म्हणून पुन्हा पुन्हा तेच केलं, की खेळणाऱ्याच्या डोक्यात समीकरण बसतं.

दुसरा रस्ता आहे, आणि तो चाललाही आहे. ‘ओव्हरवॉच’मध्ये २०१६ साली आलेली ॲना अमारी तेव्हा साठ वर्षांची होती. पांढरे केस, एक डोळा गेलेला, डोळ्यावर पट्टी. ती स्नायपर आहे आणि त्याच बंदुकीने टीममधल्यांना बरंही करते. पहिल्या ‘हेडीस’मध्ये तर नियतीच्या बहिणी समोर येतच नाहीत. त्यांनी लिहिलेल्या भाकितांची यादी तुमच्या हाती येते आणि एकेक भाकीत खरं करत तुम्ही बक्षिसं मिळवता.

आपल्याकडची म्हातारी

हे सगळं आपल्याला परकं आहे का? ग्रीक कथेत मेलिआगर सात दिवसांचा असताना नियतीच्या बहिणी येऊन त्याचं मरण सांगून जातात. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कागद-लेखणी ठेवतात. आणि लेकीकडे निघालेली, भोपळ्यात बसून वाघाला गंडवणारी म्हातारी तर आपण सगळ्यांनी ऐकलीय. ती कोणाची क्वेस्ट नाही, ती स्वतःच प्लेअर आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला आणि भारतीय पुराणकथांवरचा गेम इथेही बनतो हे दाखवलं. त्यात नायिका होती एक मुलगी. तुमच्यापैकी कोणी गेम डिझाइन शिकत असेल, तर आजीचा नंबर आता लावता येईल. कल्पना हवी असेल तर ग्राये बहिणींपासूनच सुरू करा. तीन प्लेअर, एकच डोळा. ज्याच्या हाती डोळा त्यालाच स्क्रीन दिसणार, बाकीच्या दोघांनी त्याच्या शब्दावर पाऊल टाकायचं आणि डोळा पुढे द्यायचा. को-ऑपसाठी याहून भारी मेकॅनिक कुठे मिळणार? पर्सियस मात्र यात शत्रू असेल, तेवढी तयारी ठेवा.